पोलादाचे घर्षणजन्य पृष्ठसंस्करण : नीरा खोऱ्यातील परंपरा

पोलादाच्या पृष्ठभागावर कठीण हत्यार किंवा दुसरी धातू दाबून घासली असता उष्णता निर्माण होते आणि पृष्ठालगतच्या थराचे कायम स्वरूपाचे विरूपण होते. या दोहोंचा हेतुपूर्वक उपयोग करून पृष्ठाची कठिनता, गुळगुळीतपणा, झीजरोधकता व शिणवटा सहन करण्याची क्षमता वाढविण्याच्या पद्धतींना घर्षणजन्य पृष्ठसंस्करण म्हणतात. पोलादी भाग एकाएकी सर्वांगाने निकामी होतो असे क्वचितच घडते. झीज, गंज व तडा यांची सुरुवात बहुधा पृष्ठापासूनच होते. त्यामुळे संपूर्ण भाग महागड्या मिश्र पोलादाचा करण्यापेक्षा साध्या पोलादाच्या केवळ वरच्या एकदोन मिलिमीटर जाडीच्या थराचे गुण बदलणे अनेकदा अधिक किफायतशीर ठरते. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत ऊस, गूळ व साखर यांच्या धंद्यामुळे या विषयाशी शंभरांहून अधिक वर्षे प्रत्यक्ष संबंध आलेला आहे, जरी तेथील कारागिरांनी त्याला असे भारदस्त नाव कधी दिले नाही.

घर्षणाचे नियम फ्रान्समध्ये गीयोम आमाँताँ (१६९९) व शार्ल कूलंब (१७८५) यांनी मांडले. तथापि दोन पृष्ठे एकमेकांवर सरकताना नेमके काय घडते, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झाला नव्हता. केंब्रिज येथील एफ. पी. बाउडन व डेव्हिड टेबर यांनी असे दाखविले की, डोळ्यांना सपाट दिसणारी पृष्ठे प्रत्यक्षात केवळ काही सूक्ष्म उंचवट्यांवर टेकलेली असतात. तेथे दाब प्रचंड होऊन धातू क्षणभर एकमेकींना चिकटतात आणि पुढे सरकताना हे सांधे तुटतात. १९५३ मध्ये जे. एफ. आर्चर्ड यांनी झीज ही भार व सरकलेले अंतर यांच्या सम प्रमाणात आणि पृष्ठाच्या कठिनतेच्या व्यस्त प्रमाणात असते, असे सूत्र दिले. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. घर्षण, झीज व वंगण यांचा एकत्रित विचार करणाऱ्या शास्त्राला ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव त्यानंतर रूढ झाले. [→ घर्षण, वंगण].

शास्त्र अलीकडचे असले, तरी व्यवहार जुना आहे. सोन्याचांदीचे दागिने अकीक दगडाच्या ओपणीने घासून चकचकीत करण्याची सोनारांची रीत सर्वपरिचित आहे. ‘ओपणे’ या क्रियेत धातू खरवडली जात नाही; तिचे सूक्ष्म उंचवटे दाबले जाऊन खळग्यांत पसरतात. सोन्याला ओप येतो तो यामुळे. पोलादी शस्त्रांना धार लावणे व त्यांची पाती घासूनपुसून उजळणे हा शिकलगारांचा परंपरागत व्यवसाय होता. शेतकऱ्याचा अनुभवही याच जातीचा आहे. पावसाळ्यात गंजलेला लोखंडी फाळ काळ्या जमिनीत घातला, की त्याला माती चिकटते व बैलांवर ओढ येते. दोनचार तास नांगरट झाली, की मातीच घासून फाळाला चकाकी आणते आणि नांगर हलका चालू लागतो. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर १९०३ पासून महाराष्ट्रात आले, तेव्हा फाळ कोरडा व तेलाचा हात देऊन ठेवण्याची सवय शेतकऱ्याला लावून घ्यावी लागली. ही सवय म्हणजे एका अर्थी पृष्ठरक्षणाचा पहिला धडाच होय.

बारामती व इंदापूर हे मुळात अवर्षणप्रवण तालुके. १८७६–७७ च्या दुष्काळाची झळ या भागाला तीव्रतेने लागली होती. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला आणि कालव्याखालील जमिनीत हळूहळू ऊस उभा राहिला. आरंभी ऊस गाळला जाई तो गुऱ्हाळात, बैलांनी फिरणाऱ्या चरकावर. लाकडी चरकाच्या लाटा लवकर झिजत, रस कमी काढीत आणि सांध्यांत रस आंबे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत लोखंडी लाटांच्या चरकांनी त्यांची जागा घेण्यास सुरुवात केली. बिहारमधील बिहिया येथे तयार झालेले चरक या बाबतीत भारतभर नावाजले. पुढे किर्लोस्करवाडीच्या (स्थापना १९१०) कारखान्यातही उसाचे चरक तयार होऊ लागले. बारामती ही गुळाची मोठी पेठ झाली व १९१४ मध्ये दौंड–बारामती हा अरुंद मापी लोहमार्ग सुरू झाल्याने या पेठेला बाहेरचे गिऱ्हाईक जोडले गेले. लोखंडी चरकाबरोबर गावोगाव एक नवी गरज उत्पन्न झाली : झिजलेला आस भरून काढणारा, लाट कातून देणारा व धारवा (बेअरिंग) घासून बसविणारा कारागीर. लोहाराच्या भात्याशेजारी कातयंत्र आले, ते या गरजेपोटी.

साखर उद्योगाला १९३२ च्या कायद्याने संरक्षण मिळाल्यानंतर वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी इंदापूर तालुक्यात कळंब गावाजवळ साखर कारखाना व उसाचा मोठा मळा उभा केला. ही वसाहत पुढे वालचंदनगर या नावाने ओळखली जाऊ लागली. साखर कारखाना रेल्वेपासून व मोठ्या शहरापासून दूर असल्याने त्याला स्वतःची सुसज्ज दुरुस्तीशाळा ठेवणे भाग होते. दुसऱ्या महायुद्धात परदेशी सुटे भाग मिळणे दुर्घट झाले, तेव्हा अशा दुरुस्तीशाळांचे महत्त्व देशभर पटले. वालचंदनगरला दुरुस्तीतून निर्मितीकडे जाण्याची वाट सापडली आणि स्वातंत्र्योत्तर काळात तेथे संपूर्ण साखर कारखान्यांची यंत्रसामग्री, मोठी दंतचक्रे, बाष्पित्रे व सिमेंट कारखान्यांची यंत्रे तयार होऊ लागली. उसाच्या मळ्यात वाढलेल्या या कर्मशाळेने पुढे भारतीय अवकाश संशोधन संस्थेसाठी अग्निबाणांच्या पोलादी कवचांचे खंडही तयार केले, ३·२ मी. व्यासाच्या एस-२०० या घन इंधन एंजिनाचे खंड त्यांत येतात. दरम्यान बारामती तालुक्यात माळेगाव व सोमेश्वर आणि इंदापूर तालुक्यात भवानीनगर, बिजवडी व शहाजीनगर येथे सहकारी साखर कारखाने निघाले. प्रत्येक कारखान्यात चरकांची मालिका आणि प्रत्येक चरकात लाटा. साहजिकच पोलादाच्या पृष्ठाचा प्रश्न हा या दोन तालुक्यांच्या अर्थकारणाचाच प्रश्न झाला.

चरकाची लाट हे घर्षणाच्या अभ्यासाचे उत्तम उदाहरण आहे, कारण तिच्याकडून परस्परविरुद्ध दोन अपेक्षा असतात. लाटेचा आस ०·४ ते ०·५ टक्के कार्बन असलेल्या घडीव पोलादाचा असतो. त्यावर ओतीव लोखंडाचे जाड वेष्टन तापवून चढवितात; ते निवताना आकसून आसावर घट्ट बसते. (बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविण्याची सुताराची रीत हीच होय.) वेष्टनाच्या बाह्य पृष्ठावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या वर्तुळाकार खाचा असतात. या पृष्ठाने ऊस व चिपाड पकडून आत ओढले पाहिजे, म्हणजे येथे घर्षण जितके अधिक तितके चांगले. याउलट आसाची मान, म्हणजे धारव्यात फिरणारा भाग, शक्य तितका गुळगुळीत असावा लागतो. एकाच भागाच्या एका पृष्ठावर घर्षण हवे आणि हातभर अंतरावरील दुसऱ्या पृष्ठावर ते नको.

वेष्टनासाठी भरड कणांचे करडे ओतीव लोखंड वापरतात, त्यामागेही विचार आहे. त्यातील ग्रॅफाइटाची पत्रे झिजताना निघून जातात व मागे राहिलेल्या बारीक खळग्यांमुळे पृष्ठ खरबरीत राहते. बारीक कणांचे, अधिक कठीण लोखंड वापरले, तर झीज कमी होते, पण लाट गुळगुळीत होऊन ऊस घेईनाशी होते. अधिक कठीण ते अधिक चांगले, हा सर्वसाधारण समज येथे सरळसरळ खोटा ठरतो. तरीही उसाबरोबर येणारी माती व वाळू आणि तंतुमय चिपाड यांच्या सततच्या घासण्याने दातांची टोके अखेर ओपली जातातच, म्हणजे ज्या क्रियेने दागिन्याला मोल येते, तिनेच चरक निरुपयोगी होऊ लागतो. यावर उपाय म्हणून विजेच्या ठिणगीने क्रोमियम कार्बाइडयुक्त इलेक्ट्रोडाचे बारीक, कठीण ठिपके दातांच्या टोकांवर व उतारांवर टाकतात. कारखान्यांत याला ‘आर्किंग’ म्हणतात. गळीत चालू असताना, रस ओघळत असताना आणि लाट फिरत असतानाच हे काम करावे लागते. ते करणाऱ्या कामगाराचे कौशल्य मोठे आणि जोखीमही मोठी. ही पद्धत वितळजोडकामाची असल्याने काटेकोर अर्थाने घर्षणजन्य संस्करणात मोडत नाही, परंतु तिचा हेतू घर्षण वाढविणे हाच आहे.

आसाच्या मानेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. चरक मिनिटाला साधारणतः चार ते सहा फेरेच करतो आणि वरच्या लाटेवर द्रवीय दाबाने शेकडो टनांचा भार दिलेला असतो. इतक्या मंद गतीत आस व ब्राँझचा धारवा यांच्यामध्ये वंगणाचा अखंड थर टिकू शकत नाही; धातूचे उंचवटे एकमेकांना भिडतातच. शिवाय उसाचा रस आम्लधर्मी (पीएच मूल्य सु. ५ ते ५·५) असतो. तो धारव्याच्या कडेपर्यंत पोहोचला, तर मानेवर गंजाचे सूक्ष्म खड्डे पडतात. दर फेऱ्याला आस एकदा वाकतो व सरळ होतो. मान जेथे जाड भागाला मिळते, त्या वळणावर ताण एकवटतो आणि गंजाच्या खड्ड्यातून शिणवट्याचा तडा निघतो. गळिताच्या भरात आस तुटला, तर प्रश्न एका यंत्रभागाचा राहत नाही. तोडलेला ऊस गाड्यांवर वाळत राहतो, त्यातील साखर दर दिवशी घटते आणि उभ्या उसाच्या तोडीचे वेळापत्रक कोलमडते. ज्याचा ऊस शेवटी तोडला जाणार, त्या शेतकऱ्याला या तड्याची किंमत मोजावी लागते.

म्हणून गळीत संपल्यानंतरच्या महिन्यांत, म्हणजे उन्हाळा व पावसाळ्यात, लाटा बाहेर काढून त्यांची मान कातली जाते व शेवटी लोळणदाबाने ओपली जाते. कातयंत्रावर आस फिरत असताना कठीण पोलादी लोळण किंवा गोळी ठरावीक दाबाने मानेवर टेकवून सावकाश पुढे सरकवितात. कातीव पृष्ठाचे उंचवटे सपाट होतात. खरबरीतपणा मायक्रोमीटरच्या काही दशांशांपर्यंत उतरतो. वरचा थर थंड स्थितीत चेपला गेल्याने कठीण होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या थरात दाबाचा अवशिष्ट ताण शिल्लक राहतो. तडा उघडण्यासाठी ओढ लागते. पृष्ठ आधीच दाबलेले असेल, तर बाहेरून येणाऱ्या ओढीला प्रथम तो दाब नाहीसा करावा लागतो. जर्मनीत ओटो फपल यांनी १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लाटलेल्या पृष्ठाचे पोलाद शिणवट्याला अधिक टिकते, असे प्रयोगांनी दाखविले. पोलादी छऱ्यांचा मारा करून तोच परिणाम साधण्याच्या पद्धतीचा पाया अमेरिकेत जे. ओ. आल्मेन यांनी घातला. लोहमार्गाच्या डब्यांचे आस व मोटारगाड्यांच्या एंजिनांतील भुजादंडांची वळणे यांना आजही अशी लाटणी दिली जाते.

ओपणीला मर्यादा आहे. दाब बेताचा असेल तोवर फायदा. तो वाढवीत गेल्यास पृष्ठाखालचा थर थकतो व त्याचे पापुद्रे निघू लागतात. अनुभवी कातारी डोळ्यांनी चकाकी पाहून व हाताला लागणारी कंपने जोखून योग्य दाब ठरवी. दाबमापक बसविलेली हत्यारे आल्यानंतर हे काम सोपे झाले, तरी पूर्वीचा अंदाज बहुधा फार चुकलेला नव्हता, असेच म्हणावे लागते. घर्षणाने आपोआप तयार होणारा कठीण थर नेहमीच हितावह असतो, असेही नाही. आगगाडीचे चाक रुळावर घसरले, की रुळाचा पातळ थर क्षणभर अतितप्त होऊन लगेच निवतो व त्यात मार्टेन्साइट हे कठीण पण ठिसूळ रूप तयार होते. हा पांढुरका थर पुढे तड्यांचे उगमस्थान बनतो. उलट रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेले सु. १२ ते १३ टक्के मँगॅनीज असलेले पोलाद आघातांनी व चेपण्याने चिवटपणा न गमावता पृष्ठावर कठीण होत जाते. म्हणून रुळांच्या फाट्यांवर व दगड फोडण्याच्या यंत्रांत ते वापरतात. पृष्ठ कठीण झाले एवढे पुरेसे नसून ते कोणत्या रूपाने कठीण झाले, हे पाहावे लागते.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीने या परंपरेत निराळी भर घातली. तेथील अखंड पोलादी नळ्यांच्या कारखान्याचे तंत्र घर्षणावरच उभे आहे. जर्मनीतील राइनहार्ट व माक्स मानेसमान या बंधूंनी १८८५ च्या सुमारास असे दाखविले की, तापलेली भरीव पोलादी कांब एकमेकींशी तिरक्या असलेल्या दोन फिरत्या लाटांमध्ये धरली, तर लाटांचे घर्षणच तिला गरगर फिरवीत पुढे ओढते आणि तिच्या गाभ्यात ओढीचा ताण निर्माण होऊन तो सुटू लागतो. तेथे टोकदार दट्ट्या ठेवला, की कांबेची नळी होते. अशा नळ्यांचे तुकडे करून त्यांपासून गोलक धारव्यांची (बॉल बेअरिंगांची) कडी तयार करतात. यासाठी सु. १ टक्का कार्बन व १·५ टक्का क्रोमियम असलेले पोलाद लागते आणि ते कठीण करून अखेर आरशासारखे घासले जाते. भारत फोर्ज कंपनीचे केंद्र व तीनचाकी वाहनांचा पियाजिओचा कारखाना यांमुळे या परिसरात घडाई, कातकाम व उष्णता संस्करण जाणणाऱ्या तंत्रज्ञांची संख्या वाढली. गुऱ्हाळाचा आस भरणाऱ्या कारागिराच्या पुढच्या पिढीला संगणकनियंत्रित कातयंत्रावर काम मिळू लागले, ते याच काळात.

थंड ओपणीपलीकडे जाऊन घर्षणाच्या उष्णतेचाच उपयोग करणाऱ्या पद्धती तुलनेने नव्या आहेत. फिरती पोलादी कांडी दुसऱ्या पोलादावर दाबून धरली, तर स्पर्शाच्या जागी ती न वितळता लोण्यासारखी मऊ होते. खालचा पत्रा पुढे सरकविल्यास फळ्यावर खडूची रेघ उमटावी, तसा कांडीच्या धातूचा एकदोन मिलिमीटर जाडीचा थर त्यावर बसतो. हे घर्षण लेपन होय. याचे एकस्व (पेटंट) एच. क्लॉपस्टॉक व ए. आर. नीलँड्स यांनी ब्रिटनमध्ये १९४१ मध्ये मागितले होते. परंतु योग्य यंत्रांच्या अभावी ते अनेक वर्षे अडगळीत पडले. सोव्हिएट संघात ए. आय. चुडिकोव्ह यांनी १९५६ मध्ये घर्षणाने पोलादी दांडे जोडून दाखविल्यावर या क्षेत्राला चालना मिळाली. केंब्रिजजवळील वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन टॉमस व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये घर्षण ढवळजोड ही पद्धत काढली. तीत न झिजणारे, टोकाशी खुंटी असलेले हत्यार धातूत घुसवून फिरवितात व जोडरेषेवरून पुढे नेतात. जोड न करता केवळ पृष्ठाची सूक्ष्मरचना बदलण्यासाठी तेच हत्यार वापरण्याची कल्पना १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत राजीव मिश्र व मरी माहोनी यांनी प्रथम ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंवर यशस्वी केली.

पोलादाच्या बाबतीत ही पद्धत अवघड आहे. ॲल्युमिनियमाला ४००° ते ५००° से. तापमान पुरते, तर पोलादाला सु. १,०००° ते १,२००° से. तापमानात ढवळावे लागते. साधे हत्यारी पोलाद त्या तापमानात स्वतःच मऊ पडते. म्हणून बहुस्फटिकी घन बोरॉन नायट्राइडाची किंवा टंगस्टन–ऱ्हेनियम मिश्रधातूची महागडी हत्यारे वापरावी लागतात. साधते ते मात्र लक्षणीय असते. तप्त धातू ढवळली जात असताना तिचे भरड कण मोडून नवे, सूक्ष्म कण जन्मतात आणि मध्यम कार्बनी पोलाद त्वरेने निवल्यास त्यात मार्टेन्साइट तयार होऊन मुळात विकर्स मापाने २०० च्या आसपास असलेली कठिनता ५०० ते ६०० पर्यंत जाऊ शकते. धातू वितळत नसल्याने ओतकामातील सच्छिद्रता व वितळजोडकामातील मिसळण हे दोष टळतात. घर्षण लेपनात थराच्या दोन्ही कडा खालच्या धातूला नीट चिकटत नाहीत व कांडीचा बराच भाग झालरीच्या रूपाने वाया जातो, ही त्याची उणीव होय.

साखर कारखान्यांच्या दृष्टीने या पद्धतींचे मूल्यमापन करताना उतावीळपणा टाळणे इष्ट. चरकाच्या आसाची मान अर्ध्या मीटरच्या आसपास व्यासाची असू शकते. ती ढवळण्यासाठी लागणारा रेटा व दणकट यंत्र तालुक्याच्या कर्मशाळेला परवडणारे नाही. शिवाय मान फार कठीण झाली, तर ब्राँझचा धारवा अधिक झिजेल किंवा तिच्या पृष्ठाला सूक्ष्म तडे जातील. तेथे थंड ओपणीच पुरेशी आहे. मात्र उसाचे तुकडे करणाऱ्या सुऱ्या व ऊस कुटणारे घण यांची टोके सध्या वितळजोडकामाने कठीण धातू चढवून दर हंगामात भरली जातात. वितळलेल्या थरात आडवे तडे जाऊन त्याचे टवके उडतात व ते चिपाडाबरोबर चरकात जाऊन लाटांचे दात मोडतात. सुरीची कड सरळ, अरुंद व हाताळण्याजोग्या लांबीची असल्याने हत्यारी पोलादाचे घर्षण लेपन तिला सोयीचे आहे. रस व पाण्याच्या पंपांच्या आसांवरील बाह्या आणि उपसा सिंचनाच्या पंपांचे वाळूने झिजणारे भाग यांनाही तेच लागू पडते. एक सुरी भरण्यास लागणारा वेळ, कांडीची किंमत व हंगामात टिकलेले दिवस यांची तुलना प्रत्यक्ष गळितात, मातीमिश्रित उसावर व्हावयास हवी. प्रयोगशाळेतील स्वच्छ चकतीवर मोजलेली झीज या कामी फारशी उपयोगी पडत नाही, कारण तेथे आम्ल रस, वाळू व आघात ही तिन्ही एकाच वेळी हजर नसतात.

यंत्राने ऊस तोडण्याचे व भरण्याचे प्रमाण जसजसे वाढत आहे, तसतशी उसाबरोबर चरकात येणारी मातीही वाढत आहे.